वल्हं ठेवून घेणारी बाई

पिणाऱ्या माणसाला बसायला पाट देणारी आमच्या गावात एकच बाई होती. सगळे तिला वल्हेबाई म्हणत. जिल्ह्यात दारूबंदी आली म्हणून मोहाची दारू गाळायची काही थांबली नाही, आणि तलावावर मासे मारणारे आमचे लोक प्यायचे थांबले नाहीत. पिऊन डोंगा पाण्यात घालायचा आणि जाळं ओढताना तोल जाऊन बुडायचं, असं एक-दोन वर्षांआड कुणीतरी जायचं. वल्हेबाईचा नवरा असाच गेला.

त्यानंतर तिने एक रीत पाडली. ज्याला प्यायची असेल त्याने आधी आपलं वल्हं तिच्या पडवीत आणून ठेवायचं, ताटभर भात खायचा, मग हवं तिकडे प्यायला जायचं. सकाळी ती तोंडाचा वास घेऊनच वल्हं परत देई. वास आला की, "जाय, झोप अजून," म्हणून हाकलून लावी. मोठमोठे बाप्ये तिच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखे तोंड उघडून उभे राहत. मला हसू यायचं आणि संतापही यायचा, कारण त्या रांगेत माझा धाकटा भाऊ असायचा.

मी गावच्या महिला दारूबंदी समितीची सचिव. एकदा तिला म्हटलंच, "बाई, तुमी त्याइले लाडावून ठेवलं."

"पे म्हणून कोन सांगते? बुडू नोको, येवढंच माह्यं म्हननं हाय. जित्ता राह्यला तं सोडन कधीतरी."

मला काही ते पटलं नाही. दारुड्याला जेवू घालणं म्हणजे दारूलाच हातभार लावणं, असा ठराव मी माझ्या हाताने लिहिला. देवळासमोर सगळ्यांना न पिण्याची शपथ घ्यायला लावली. वल्हेबाईने वाद घातला नाही. पडवीतली वल्ही आणून ज्याची त्याच्या हातात दिली आणि घरी गेली.

शपथ घेतलेला माणूस आता कुणाच्या दारात कसा जाणार? लोक तलावाच्या पाळीमागे झुडपांत लपून, उपाशीपोटी पिऊ लागले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी माझा भाऊ तिथूनच एकटा डोंगा घेऊन गेला. संध्याकाळी त्याला जाळ्यासकट वर काढलं.

त्याच वर्षी वल्हेबाईची मुलगी तिला चिमूरला घेऊन जायला आली. थांब्यावर वल्हेबाई एसटीची वाट बघत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. रडू आवरेना. "बाई, माह्यं चुकलं," एवढंच म्हणता आलं.

तिने पाठीवरून हात फिरवला. थकल्या आवाजात म्हणाली, "मले काऊन सांगून राह्यली? जे जित्ते हायेत त्याइले जाऊन सांग."

बस आली, ती गेली. ठराव अजून तसाच आहे. या बैठकीत बोलायचंच, असं दर वेळी ठरवते आणि इतिवृत्त लिहून घरी येते.