मागं आणायचा आवाज

दिघीपासून आळंदीपर्यंत आमच्या आतोबांइतका हळू बोलणारा माणूस झाला नाही, आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. आत्याचा हा नवरा बोलू लागला की लिंबावरचे कावळेसुद्धा गप्प बसत, काहीतरी ऐकू यावं म्हणून. लग्नात त्यांनी आत्याला काय विचारलं, ते तिला म्हणे तिसऱ्या दिवशी उमगलं. बांधावरच्या आग्या मोहोळापाशी जाऊन ते "बायांनो, वाईच सरकता का," म्हणत, आणि माश्या सरकत. मी एकदा मागून नुसतं "काय आतोबा, जेवण झालं का?" म्हणालो. घरी पोचलो तेव्हा माझं सुजलेलं तोंड बघून आईने दारातच विचारलं, "कोण पाहिजे?"

दोष माझ्या आवाजाचा. पिंपरीत नवा कारखाना निघाला, त्यात मी लागलो. तिथला भोंगा बिघडला की मलाच फाटकात उभं करत, असं लोक सांगतात. मी नाकारत नाही.

आतोबांची सगळी विद्या विहिरीवरची. मोट ओढत बैल धावेच्या उतारावरून खाली जातात. ती रिकामी झाली की तोंड न फिरवता, उलट पावलांनी त्यांना पुन्हा विहिरीपाशी आणायचं. मी आसूड घेऊन ओरडलो, तर बैल खांबासारखे उभे. आतोबांनी कासऱ्याला नुसता हात लावला. "ये सोन्या, ये माझ्या राजा." बैल भरभर मागं आले.

"आरं, पुढं हाकाया कुनीबी वरडंल," ते म्हणाले. "मागं आनाया ग्वाड बोलावं लागतं. मानूसबी तसाच हाय."

मी हसलो. त्याच वर्षी, धाकट्या भावाला काम मिळेना म्हणून, चार पाहुण्यांदेखत मी त्याला "फुकटचं गिळतोस" म्हणालो. तो पिशवी उचलून निघाला. आतोबा मला हाताला धरून भोसरीच्या फाट्यावर घेऊन आले. नाशिकची एसटी उभी होती, भाऊ खिडकीपाशी बसलेला.

"आतोबा, तुम्हीच बोलवा. तुमचं ऐकेल."

"न्हाई. शबुद तुझा लागलाय, हाक तुझीच पायजे. 'चल, जेवून जा' म्हन. हळू."

मी ते मनात दोनदा घोकलं. पण त्याने मला बघून तोंड फिरवलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "उतर खाली, गाढवा!" दोन म्हातारे घाबरून खरंच उतरले. भाऊ नाही उतरला.

परतताना आतोबा एकच वाक्य बोलले: "ऊन लई हाय, माजा पटका घे."

चार महिन्यांनी त्याचं कार्ड आलं, तेही आतोबांच्या नावाने. त्यांना अक्षरओळख नाही, तेव्हा वाचायला मीच. नाशकात किराणा दुकानात लागलोय, खानावळ बरी आहे. माझं नाव कुठेच नव्हतं. शेवटची ओळ होती: 'आतोबा, त्या दिवशी तुम्ही एक हाक मारली असती तर मी उतरलो असतो.'

ती ओळ मी मनातच वाचली. आतोबा कानामागे हात धरून पुढं झुकले होते.

"काय म्हनतोय?"

"खुशाल आहे म्हणतोय."

"वाईच मोठ्यानं सांग की रं."

पण माझा आवाज तेवढाच निघाला.