चिखल्यांवर ढकललेला ताप

सुमन गेली, हे तुम्हाला फोनवर सांगताना मी ‘हृदयाचा आजार’ एवढंच म्हणाले. त्याला दीड महिना झाला. आता नीट लिहिते बाळांनो, कारण त्यात माझीही एक चूक आहे.

सुमन माझी धाकटी जाऊ, तुमची छोटी आजी. मुरबाडकडच्या या घरात आम्ही दोघींनी एका चुलीवर उभा जन्म काढला. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, ती शेती बघायची. तिच्या हृदयाच्या एका झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या होत्या. चाळिशीत ते कळलं, तेव्हा ती डॉक्टरांनाच म्हणाली, “देवानं पाकळी एक कमी दिली, म्हणून जीभ वाढवून दिली.” डॉक्टर हसले, पण बजावलं : ताप रेंगाळला तर लगेच या, रक्तातले जंतू अशा झडपेवर घर करतात.

यंदा भाताच्या लावणीत तिच्या पायांना चिखल्या झाल्या. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटलेली, तरी बाई दिवसभर चिखलात. मग संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला. मुरबाडला नेऊन मी तिचं रक्त तपासून घेतलं. सीआरपी बराच वाढला होता. शरीरात कुठेतरी दाह आहे, एवढंच तो आकडा सांगतो. कुठे, ते सांगत नाही. ते मी ठरवलं. जखमेनंही तो वाढतो असं इंटरनेटवर वाचलं आणि तिला म्हणाले, “चिखल्यांमुळेच असेल.”

“मी काय सांगत व्हती? मेंदी लावली का जाईल. अर्धी लावणी ऱ्हायलेय, ताई. तुमी नका डाक्तरला फोन करू.”

मी केला नाही... आठ दिवस. रोज मेंदी वाटून मीच तिच्या बोटांत भरत होते. चिखल्या सुकल्या, ताप राहिला. शहापूरला इस्पितळात नेलं तोवर जंतूंनी झडप कुरतडली होती. खाटेवरून ती म्हणाली, “पाय बघा ना ताई, कसं बरं झालं. तुमच्या हाताला गुण हाय.” मला तिच्याकडे बघवेना. आधी आणलं असतं तरी ती वाचली असती याची खात्री नव्हती, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मी मान डोलावली...

परवा तुम्ही विचारलंत, “आजी, व्हिडिओ कॉलवर तू अर्धीच का दिसतेस?” बाळांनो, रविवारी तुमचा फोन आला की ती हात पुसत यायची, कोपरानं मला ढोसायची. “सरका हो ताई, मना पोरा दिसत नायत.” मी अजून तेवढी सरकून बसते.