बाय आणि बार्जचा पंप

बाय मशीनसमोर उभी राहिली की आधी डोळे मिटायची. मग उजव्या हाताचं एक बोट हवेत फिरू लागायचं. खाली, पुढे, वळसा, वर. गोव्यात, डिचोलीतल्या आमच्या कारखान्यात नवखे कामगार तिला बघून हसत. थोड्या वेळाने कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, धातू कोरणाऱ्या मिलिंग मशीनवर कटर अगदी तसाच फिरायचा आणि त्यांचं हसू विरायचं.

सुर्ल्याच्या, खनिजाचा ट्रक चालवणाऱ्या एका ड्रायव्हरची ही मुलगी. कटर कुठून कुठे जायचा याचे प्रोग्राम ती लिहायची, मशीन मी चालवायचो. कटर एका जागेवरून दुसरीकडे न्यायचा तर तिचा हुकूम ठरलेला. "पयलीं वयर, मागीर आडवें." आधी वर उचलायचा, मगच आडवा न्यायचा.

चाळिशी ओलांडली आणि साखरेने तिची नजर नेली. स्क्रीनवरचे आकडे दिसेनात. ती नोकरी सोडणार होती, तेवढ्यात वास्कोहून खनिज वाहणाऱ्या एका बार्जच्या पंपाचं मोडकं चाक आलं. वळणदार पाती, ड्रॉइंग नाही, बनवणारे कधीच बंद झालेले. नवं कापायला पितळेचं ओतीव, म्हणजे ओतून घेतलेला ठोकळा, एकच.

मालक म्हणाले, "परत पाठवूया."

माझ्याकडे मान वळवून बाय म्हणाली, "हांव सांगतां, हो बरयतलो." ती सांगणार, मी लिहिणार.

दिवसभर ते चाक मांडीवर घेऊन ती बसली. पातं चाचपायची, मला माप घ्यायला लावायची आणि ओळीमागून ओळ सांगायची. एवढा प्रोग्राम तिने डोक्यात कसा मांडला, मला आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कटर आधी ओतीवाच्या बराच वर, रिकामाच फिरवून पाहिला. कटर वर-खाली आणि आडवा नेणाऱ्या वेगवेगळ्या मोटारींचा आवाज बाय ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला.

"थांबय. तो वयर गेलोच ना, तसोच वळ्ळो."

मी पाहिलं. कटर वर न उचलता तसाच आडवा वळला होता. खाली त्याच वाटेवर ओतीव धरून ठेवणारा क्लॅम्प होता. खरोखर कापत असतो तर कटर त्यावर आदळून सगळंच गेलं असतं.

"चूक म्हजी," ती शांतपणे म्हणाली. "एक ओळ सांगूंक विसरलें."

मी ती ओळ घातली, आणि संध्याकाळी चाक तयार झालं. कारखान्यातलं ते तिचं शेवटचं काम.

चाक बसवल्यावर मी तिला बसने वास्कोला नेलं. बार्जवरच्या खलाशाने हात धरून तिला खाली उतरवलं आणि पंप सुरू केला. बायने पंपावर तळवा टेकला. थोड्या वेळाने खलाशी बंद करायला वाकला, तेव्हा म्हणाली, "आनीक थोडो वेळ चलूं दी."