सरळ रेषेवरचा संशय

“यात गोम आहे.” नवीन काहीही समोर आलं, की ते आधी हे म्हणायचे आणि मग चष्मा कपाळावर चढवून ती वस्तू अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. मग ती लग्नाची पत्रिका का असेना. असा एक संशयी माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पुण्यात राहत असाल तर दोन-चार असतील. पण आमचे हे व्यंगचित्रकार त्या सगळ्यांची शिकवणी घेऊ शकले असते.

मी नारायण पेठेतल्या एका दिवाळी अंकाची मांडणी करते. मुखपृष्ठ वर्षानुवर्षं त्यांचंच. शाईनं काढलेलं चित्र पिशवीतून आणायचे आणि माझं स्कॅन होईपर्यंत टेबलापासून हलायचे नाहीत. मी चित्राची अदलाबदल करीन असं त्यांना वाटत असावं. मला राग यायचा, आणि मी तो लपवायचे नाही.

मग एके वर्षी स्वतःच म्हणाले, “बाई, मला ते टॅबलेटवर काढायला शिकवा.” ज्या माणसाचा विजेच्या मीटरवर विश्वास नाही, तो हे म्हणतोय. आता गोम मला दिसायला लागली.

पहिल्याच दिवशी त्यांनी चिकटपट्टी मागून घेतली आणि टॅबलेटच्या कॅमेऱ्यावर तिचा तुकडा डकवला. चित्र काढायचं एक चांगलं, फुकटचं ॲप मी त्यात घालून दिलं. त्यानं ठावठिकाणा बघायची परवानगी मागितली.

“चित्र काढायला माझा पत्ता कशाला? जेवायला येणार आहे का?”

“काका, ‘नको’ दाबा आणि पुढे चला.”

“नको म्हटल्यावर गप्प बसलं. म्हणजे आधीच घेतलेला दिसतोय.”

जन्मतारीख त्यांनी धडधडीत खोटी घातली. त्या तारखेला ॲपकडून शुभेच्छा आल्या, की मला मुद्दाम फोन करून सांगायचे, “फसला बघा.”

फुकट फोटो देणारी एक साइट दाखवली, तर त्यांनी आजीचा फोटो शोधला. लॅपटॉपकडे बघून हसणाऱ्या परदेशी आज्यांची रांगच लागली. ते बराच वेळ बघत राहिले. “ह्या बायकांना एवढं हसू कशाचं येतंय? यात गोम आहे.” माणसाची बैठक समजावी म्हणून एक दुसरी सोय दाखवली. तिच्यात एक करडा पुतळा असतो, त्याचे हातपाय हवे तसे वळवता येतात. त्यांनी त्याला मांडी घालायला लावली. त्याचा गुडघा पोटात शिरला आणि पाऊल पाठीतून बाहेर आलं. “ह्याला जेवायला बसता येत नाही, आणि हा मला शिकवणार,” म्हणाले, आणि तो कायमचा बंद केला.

आवडल्या त्या दोनच गोष्टी. एक, चित्र आरशातल्यासारखं उलटं करून दाखवणारं बटण. त्यात चेहरा कुठे तिरका झालाय ते लगेच कळतं, आणि चूक सापडली की त्यांना चोर पकडल्याचा आनंद व्हायचा. दुसरी, रेषा स्थिर करणारी सरकपट्टी. ती वाढवली, की हात कसाही चालू दे, पडद्यावर रेषा गुळगुळीतच उमटते. ही मी जाता जाता दाखवली होती. त्यांनी ती पुन्हा दाखवायला लावली, आणि तेव्हा मात्र गोम काढली नाही. मला जरा नवल वाटलं.

आमच्याकडे चहा आला की ते “मला अर्धाच” म्हणायचे. पुण्यात अर्धा चहा घेणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही.

ते ॲप आपण काढलेल्या प्रत्येक रेषेचा व्हिडिओ आपोआप करून ठेवतं. हे कळल्यावर ते माझ्यावरच चिडले. “पाठीमागे उभं राहून बघितलेलं मला चालत नाही,” म्हणाले आणि ते रेकॉर्डिंग बंद करायला लावलं. क्लाउडवर चित्रं ठेवायलाही नकार. “माझे कपडे दुसऱ्याच्या कपाटात कशाला?” पासवर्ड घालताना मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मी राहिलेही.

आणि संशय आला तो नेमका अशा माणसाचा.

गेल्या दिवाळीच्या मुखपृष्ठावर त्यांनी आकाशकंदिलात डोकं घालून तपासणी करणारे एक आजोबा काढले होते. चित्र फक्कड होतं. पण आमच्या संपादकांनी ते पडद्यावर मोठं करून बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मशीनकडून करून घेतलेलं चित्र छापायचं नाही, असं त्या वर्षी आमच्याकडे ठरलं होतं. “ह्या वयात रेषा सुधारते का कोणाची?” ते मला म्हणाले. “हे एआयचं आहे.”

काकांना बोलावणं गेलं. चित्र आपण काढलंय हे पटवता आलं नसतं, तर मुखपृष्ठ गेलंच असतं. शिवाय ते नक्कल खपवतात ही बातमी संध्याकाळपर्यंत शनिवार पेठेत पोचली असती. आयुष्यभराच्या कामावर पाणी.

“तुमच्या ॲपमधलं रेकॉर्डिंग दाखवा, विषय संपला,” संपादक म्हणाले.

“ते मी बंद केलंय.”

“का?”

काकांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मी म्हटलं, “काका, टॅबलेट आणलाय ना? इथेच काढून दाखवा.”

“त्यात काढलं तर म्हणाल, आतून दुसराच कोणी काढतोय. कागद द्या.”

मी कागद आणि पेन दिलं. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि काढायला लागले. आजोबांचं नाक, वर गेलेली भुवई, कपाळावरचा चष्मा, सगळं जिथल्या तिथे होतं. पण एकही रेषा सरळ नव्हती. प्रत्येक रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत थरथरत गेली होती. अर्धा कप हातात सांडत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न केला. ते लागेना, म्हणून मी लावलं.

“पटलं?” ते संपादकांना म्हणाले. “मशीनला इतकं वाईट येत नाही.”

संपादक उठून उभे राहिले. “बसा हो तुम्ही. चहा सांगतो.”

“अर्धाच सांगा.”

मुखपृष्ठ तेच छापलं गेलं, गुळगुळीत रेषेचं. निघताना मला म्हणाले, “हे बाहेर बोलायचं नाही. लोक काम देतील, पण कीव करून देतील. आणि तो कागद फाडा.” मी फाडला नाही. माझ्या खणात ठेवून दिला.

ह्या उन्हाळ्यात ते गेले. काही दिवसांनी त्यांच्या पत्नी टॅबलेट घेऊन आमच्याकडे आल्या. शेवटच्या वर्षांतली सगळी चित्रं त्यात होती आणि पासवर्ड त्यांनी बायकोलाही सांगितला नव्हता. आम्ही दोघींनी त्यांची खरी जन्मतारीख घालून बघितली, मग खोटी, मग काकूंची. तो उघडला नाही. माझे डोळे भरून आले, आणि त्या माणसाचा मनस्वी रागही आला.

काहीतरी द्यावं म्हणून मी त्यांच्यापुढे दिवाळीचं मुखपृष्ठ ठेवलं. काकूंनी ते बघितलं आणि बाजूला सारलं. “छान आहे. पण हे त्यांचं वाटत नाही हो.”

मग मी खणातला कागद काढला. त्यांनी आजोबांच्या नाकावरून, भुवईवरून सावकाश बोट फिरवलं. रेषा जिथे थरथरली होती तिथे बोटही तसंच जात होतं.

“हे त्यांचं,” त्या म्हणाल्या. “सकाळी शर्टाची बटणं मीच लावून द्यायचे. नेऊ का हे?”

“न्या ना.”

कागद पिशवीत घालता घालता त्या थांबल्या. “तुम्ही ह्याचा फोटो काढून ठेवला नाहीत ना? त्यांना आवडलं नसतं.”

“नाही,” मी म्हटलं. ते खरं होतं. तरी त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं, अगदी काका बघायचे तसं. मग पिशवी उचलून गेल्या.

टॅबलेट त्यांनी माझ्याकडेच ठेवलाय. कधी उघडला तर कळवा म्हणाल्या. त्याच्या कॅमेऱ्यावर ती चिकटपट्टी अजून आहे. मी अधूनमधून धूळ पुसते, पण तिला हात लावत नाही.