उतरवलेली पट्टी

आमच्या घरासमोरच्या कडुलिंबाला परवा कुणीतरी फ्लेक्स बांधला. चैत्र आहे, झाड फुलावर आहे. नांदेडच्या या गल्लीत नाकाला सुख द्यावं असं तेवढं एकच काही उरलंय, आणि आता खिडकी उघडली की मोहोराच्या आधी त्या प्लास्टिकचा उग्र वास आत येतो. ‘दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी भव्य संगीत रजनी’ असं वर लिहिलंय. गाणार कोण ते कोपऱ्यात, मदत कुणाला ते त्याहून बारीक, आणि उरलेल्या सगळ्या जागेत चेहरे. हात जोडलेले, गळ्यात जाड साखळ्या, डोळ्यांवर काळे चष्मे. दुसऱ्याचं दुःख बघताना डोळ्यांना ऊन लागत असावं.

काल संध्याकाळी त्याच चेहऱ्यांची माणसं दारात आली. म्हणाली, ‘‘काकू, पट्टी द्या.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘दुष्काळासाठी.’’

‘‘दुष्काळाला काय द्यायचं? तो न बोलावता येतो. माणसं कोणती, ते सांगा.’’

‘‘ते वर ठरतंय काकू. आमी निस्ती पट्टी गोळा करून राहिलो.’’

उद्या या, म्हणून मी दार लावलं. लावलं कसलं, आपटलंच. बिचारे गोंधळले असतील. पण पट्टी हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं, आणि ते आजचं नाही.

हा शब्द आमच्याकडे दोन घरचा पाहुणा. गावानं एखाद्या कामासाठी ठरवून गोळा करायची वर्गणी म्हणजे पट्टी. आणि गाणाऱ्याचा सूर पेटीच्या ज्या स्वरावरून सुरू होतो, तीही पट्टीच. काळी एक, काळी दोन, पांढरी चार. आमच्या गुरुजींची पट्टी काळी चार होती. पुरुषाच्या मानानं उंचच. भजनात घासून तयार झालेला उघडा गळा, तिथं पोचताना त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नसे.

मी तेव्हा उदगीरला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि गुरुजींकडे गाणं शिकत होते. तेही मास्तरच, पण चित्रकलेचे. गाण्याची नोकरी कुठली असायला! दर गुरुवारी शाळा सुटली की एका शिंप्याच्या दुकानात बैठक जमायची. शिलाईची मशिनं भिंतीला सरकवायची, खाली चिंध्यांची गोधडी अंथरायची. मागे तंबोऱ्यावर मी. पेटी स्वतः शिंपीमामा वाजवायचे. समोर शौकीन मंडळी: मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले हमाल, रेल्वेतला एखादा पॉइंट्समन, एक पानवाला. शौकीन हा शब्दही आमचाच. पुण्याकडे रसिक असतात, ते नीटनेटकी दाद देतात. आमचे शौकीन चांगली जागा आली की मांडीवर थाप मारून ‘‘मार डाला गुरुजी!’’ असं ओरडायचे आणि पुढची ओळ आपणच बुडवायचे. त्यांचा राग यायचा. आज तसं ओरडणारं कुणी भेटलं, तर मी त्याला घरी आणून जेवू घालीन.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कागदासाठी उस्मानाबादच्या खेपा संपल्या याचा आनंद होता, आणि जिल्हा आपल्याला का नाही मिळाला, हा रुसवा उदगीरच्या पोटात होता. पण नव्या जिल्ह्यात गवत उगवायच्या आधी अध्यक्ष उगवले. प्रत्येक संघाला, समितीला, मंडळाला जिल्हा पातळीवरचा एकेक अध्यक्ष लागतो. कालपर्यंत ज्याला गल्ली विचारत नव्हती, त्याच्या जीपच्या काचेवर पाटी आली. पाऊस मात्र आला नाही. मागच्या वर्षीही त्यानं तोंड दाखवून पाठ फिरवली होती. विहिरींचे तळ दिसायला लागले आणि गावाबाहेर रोजगार हमीवर खडी फोडायला बायाबापड्यांची रांग लागली.

त्या खडीवर आमच्या अक्का रोज जायच्या. किराणा दुकानदाराच्या घरातली बाई, गळ्यात लिंग, अंगावर इरकली, बोलताना अर्धी कानडी. एकदा कुठल्याशा कामाला जाताना त्यांनी बाभळीच्या सावलीत निजवलेली लेकरं पाहिली. आया उन्हात दगड फोडताहेत आणि लेकरं भुकेनं रडूनरडून गप्प झालीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातली जवारी भरडली, तिथंच तीन दगड मांडले आणि कण्या शिजवल्या. पातळ ताक, मीठ, कण्या. पुढे ते रोजचंच झालं. घरच्यांनी आधी कौतुक केलं, मग कुरकुर केली, शेवटी कोठीला कुलूप लावलं. तेव्हा एका गुरुवारी त्या शिंपीमामांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. गाणं संपू दिलं.

मग म्हणाल्या, ‘‘गुरुजी, पोतं झटकून पाह्यलं. पाऊस पडंस्तोर तेवढी चूल चालाया पायजे. दुसरं कायच मागत न्हाई मी.’’

गुरुजी हसून म्हणाले, ‘‘अक्का, माझी जवारी हाय ती ह्या तंबोऱ्यावर.’’ तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून सूर खुलवतात, त्या खुलण्यालाही जवारीच म्हणतात. पण हसता हसताच त्यांचा चेहरा बदलला. ‘‘गाऊ की,’’ म्हणाले. ‘‘गाऊन जवारी येत आसंल तर मोंढ्यात उभा राहून गातो.’’

हा माणूस कधी स्टेजवर गायला नव्हता. फर्माइशी, बक्षिसं, दोन ओळींमध्ये देणाऱ्याचं नाव पुकारणं, याची त्याला शिसारी होती. त्यामुळे अट एकच घातली: गाण्याच्या मध्ये कुणाचं नाव घ्यायचं नाही. मोंढ्याचे एक पुढारी, जे आता जिल्ह्याचेही कसलेसे अध्यक्ष झाले होते, त्यांनी अट मान्य केली आणि भर बैठकीत पट्टी ठरवली. दर अडत दुकानामागे एक पोतं जवारी. अक्कांनी तिथंच पदर डोळ्यांना लावला. एवढ्या जवारीत तर पाऊस येऊन पेरण्या होईस्तोवर चूल चालेल, म्हणाल्या. या दुकानांतून वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या मालातून धर्मादाय म्हणून कापून घेतलेलं धान्य कुठं जातं, हे कुणी विचारलं नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायलासुद्धा ही माणसं आधी हारतुरे मागत.

आणि ते त्यांनी मागितलेच. नावं गाण्यामध्ये घ्यायची नाहीत ना? मग ती गाण्याआधी घेतली. मोंढ्याच्या ओट्यावर उन्हं कलायच्या वेळी आम्ही बसलो. स्वागत झालं, सत्कार झाले, नव्या जिल्ह्याच्या उज्ज्वल भवितव्यावर भाषणं झाली. ओट्याच्या कडेला शौकीन मंडळींनी आपापली गाठोडी आणून ठेवली होती. हमालांनी पोत्यांतून सांडलेले दाणे झाडून, पाखडून आणले होते. त्यांच्याविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. समोर मातीचा धुरळा उठत होता. स्टेजवरचा एकुलता एक माठ पाहुण्यांच्या खुर्च्यांपाशी गेला आणि रिकामा होऊन तिथंच राहिला. गुरुजी दुपारपासून घोटभर पाण्यावर होते. पाणी मागायला त्यांना लाज वाटली. दुष्काळासाठी गायला बसलेल्या माणसानं पाणी कसं मागायचं, म्हणाले.

पहिलं भजन कसंबसं निभावलं. दुसऱ्याच्या अंतऱ्याला गळा फाटला. सूर लागला नाही असं मी त्यांच्या बाबतीत त्या दिवशी प्रथम पाहिलं. त्यांनी मान वळवून शिंपीमामांना सांगितलं, आणि समोरच्या माइकनं ते सगळ्या मोंढ्याला सांगितलं, ‘‘पट्टी लई चढलीया. झेपंना. उतरवा जरा.’’

पेटीवाल्याचं काय, बोटं दोन काळ्या खाली आली की झालं. तंबोऱ्याच्या तारा मात्र एकेक सैल करून पुन्हा जुळवाव्या लागतात. मी खुंट्या पिळायला घेतल्या. गाणं थांबलं. त्या शांततेत अध्यक्ष उठले आणि त्यांनी माइक उचलला.

‘‘बंधूंनो, गुरुजी साधू माणूस! व्यापाऱ्याची अडचन त्यांनी न सांगता वळखली. पट्टी चढली, झेपंना, उतरवा, आसं ते सोताच बोलले. त्यांचा शब्द आमी खाली पडू देणार न्हाई. दुकानामागं पोत्याच्या जागी पायली!’’

पोत्यापुढं पायली म्हणजे पसाभरच, पण टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. इतकी दाद गुरुजींच्या कुठल्या जागेला कधी मिळाली नव्हती. ते धडपडत उठले, माइककडे गेले आणि ‘‘गान्याची... गान्याची पट्टी...’’ एवढंच त्यांच्या घशातून घरघरत बाहेर पडलं. लोकांना वाटलं आभार मानताहेत. पुन्हा टाळ्या. गर्दीच्या कडेला अक्का उभ्या होत्या. त्यांनी गुरुजींना हातानंच खूण केली, बसा, गा. न गाता उठलात तर पायलीही जाईल, हे त्या बाईला माझ्याआधी कळलं होतं. गुरुजी बसले आणि काळी दोनमध्ये उरलेला सगळा कार्यक्रम गायले. चांगलं गायले, असं शिंपीमामा म्हणायचे. मला त्यातलं काही आठवत नाही. मला फक्त त्यांचा मागून दिसणारा मानेचा भाग आठवतो.

दुसऱ्या दिवशी शिंपीमामा आणि मी अध्यक्षांच्या पेढीवर गेलो. लोडाला टेकून त्यांनी आम्हाला चहा पाजला.

‘‘बाई, आमाला अडान्याला गान्यातलं काय कळतंय?’’ म्हणाले. ‘‘आता भर सभेतला शब्द. फिरवावा तर गुरुजींचाच अपमान. ते पाप मी कसं करू?’’

तोवर माझीही समजूत अशीच होती की ऐकण्यात चूक झाली, मोंढ्यातली माणसं, पट्टी म्हटलं की त्यांना वर्गणीच आठवायची. पायरी उतरल्यावर शिंपीमामा रस्त्यातच थुंकले. म्हणाले, ‘‘सोमवारी मठात शिवभजनाला ह्योच गडी म्होरं बसतो. पेटी मीच वाजवतो तिथं. ‘मामा, पट्टी वाढवा, आज गळा लागलाय,’ आसं मला दर सोमवारी सांगतो. आन् ह्याला कळंना व्हय?’’ झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, ही म्हण मी मुलींना शाळेत कितीदा समजावली असेल. तिचा अर्थ मला मोंढ्याच्या त्या रस्त्यावर लागला. तो माणूस चुकून ऐकणारा नव्हता. सबंध मोंढ्यात गुरुजींचं म्हणणं बरोबर कळलेला कदाचित तोच एक होता.

पायलीपायलीनं आलेली जवारी आणि हमालांची ती झाडलोट, यावर अक्कांनी चूल जेवढी ओढता येईल तेवढी ओढली. कण्या पातळ होत गेल्या. पाऊस यायच्या पुष्कळ आधी चूल विझली. त्यानंतरही काही दिवस अक्का सवयीनं दुपारी खडीवर जायच्या, रिकाम्या हातानं. त्यांना पाहिलं की बाभळीखालची लेकरं जर्मनच्या पत्र्याच्या वाट्या घेऊन धावत यायची. म्हणून मग त्यांनी जाणं सोडलं. त्या लेकरांपैकी कोण किती तगलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्या आपणहून बोलल्या नाहीत. एवढं सांगते की पुढं आयुष्यभर त्यांच्या ताटात मी कण्या पाहिल्या नाहीत.

पाऊस पडला तशी गावाला कृतज्ञता सुचली. दुष्काळातल्या कार्याबद्दल अध्यक्षांचा सत्कार ठरला, आणि तिथं गायला गुरुजींनाच बोलावणं आलं. गुरुजी कुणाला दुखावणारे नव्हते. त्यांनी निरोप्याला गूळपाणी दिलं आणि म्हणाले, ‘‘त्यान्ला सांगा, आपली पट्टी जुळायची न्हाई.’’ तो शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला तो शेवटचाच. पुढं बैठकीत सूर ठरवायचा झाला की ते पुढं वाकून पेटीच्या काळ्या पट्टीवर मुकाट बोट ठेवायचे.

काळ गेला की राग निवळतो, असं वडीलधारे सांगत. माझा निवळला नाही. आता मीच वडीलधारी झाले, गुरुजी, अक्का, शिंपीमामा सगळे गेले, अध्यक्षही गेले. उदगीरच्या एका चौकाला त्यांचं नाव आहे, आणि तिकडे गेले की मी अजून रिक्षावाल्याला दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला सांगते. म्हातारपणी मन मोठं होतं म्हणतात. माझं झालं नाही, त्याला मी काय करू? कुणीतरी लक्षात ठेवायला हवंच, नाहीतर क्षमा करायची तरी कशाची, हेही उरायचं नाही.

ती माणसं आज पुन्हा आली होती. ‘‘वर विचारलं का रे, कुणाला देणार?’’ म्हटलं. अजून ठरतंय, म्हणाली. कोठीच्या खोलीतलं ज्वारीचं पोतं मी दाखवलं आणि म्हटलं, ‘‘चूल कुठं पेटते ते दाखवा. मी रिक्षात घालून स्वतः येते.’’ हसून निघून गेली. जाताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, ‘‘म्हातारी लई कडक हाय.’’

ते गेल्यावर मी तंबोरा काढला. गुरुजींचाच, त्यांच्या मागे माझ्याकडे आला. डॉक्टर म्हणतात घसा जपा, माझ्या मुली म्हणतात आई, खाली गा, या वयात सगळेच खाली येतात. खरं आहे. चारदोन ओळींतच दम लागतो, वरचा सूर तर हल्ली लागतच नाही. तंबोरा मात्र मी अजून काळी चारलाच लावते. झेपत नाही. पण उतरवणार नाही.