मागच्या टाकीवरची थाप

आमच्या घरात देव नाही, त्यामुळे भूत असायचा प्रश्नच नव्हता. माझ्या वडलांनी तरुणपणी धम्मदीक्षा घेतली आणि घरातले टाक, नारळ, अंगारे एका पोत्यात भरून नदीत सोडले... तेव्हापासून भिंतीवर बुद्धाचा एक फोटो, बस्स. पुढे मी नर्स झाले. अंगात आलेल्या बाईला आधी मीठ-साखरेचं पाणी पाजायचं आणि मग विचारायचं की बाई, सकाळपासून काही खाल्लंस का — हा माझा शिरस्ता. त्यामुळे नातीने मोबाईलवर लोकांच्या भुताखेतांच्या अनुभवांचं तुमचं हे पान दाखवलं तेव्हा मी आधी हसले. मग रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर केलं. सकाळी उठून लिहायला बसले आहे. खरं तर बसवत नाहीये, दोन ओळी लिहिल्या की उठून ओट्यापर्यंत जाऊन येते.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून लोकांनी पेढे वाटले, आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. माझे सासरे म्हणायचे, "जिल्हा नवा झाला, घागर जुनीच हाय." आमचं गाव जळकोटच्या बाजूला, डोंगराच्या खोलगटात. नाव मुद्दाम लिहीत नाही. गावच्या विहिरींचा तळ दिसायला लागला होता, आणि पाणी आणायचं ते नांदेडच्या हद्दीतल्या एका तलावावरून.

आणायचे आमचे हे. म्हणजे माझे यजमान, अशोक. ट्रॅक्टर गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा, हे त्यावर ड्रायव्हर. एरवी हाच ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडून कारखान्याला ऊस ओढायचा. त्या वर्षी ऊसच नव्हता, म्हणून दोन्ही ट्रॉल्यांवर लोखंडी टाक्या बसवल्या. एरवी आमच्या घरच्या माठाकडे न बघणारी माणसं त्या वर्षी यांच्या हातचं पाणी ओंजळीने प्यायची. तहानेला जात नसते, हे तेव्हा बघितलं.

जोडट्रॉली हाकायला यांना शिकवलं ते त्यांच्या वडलांनी. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो. अप्पांची उभी हयात उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात गेली होती आणि एकदाही त्यांची ट्रॉली कलंडली नव्हती. निघण्याआधी हातात टॉमी, म्हणजे टायर खोलायची ती लोखंडी पहार, घेऊन गाडीभोवती एक फेरी. प्रत्येक टायरवर ठोका घालून आवाज ऐकायचा. दोन ट्रॉल्यांमधली पिन हाताने हलवून बघायची, डोळ्यांनी नाही. ज्या गियरमध्ये चढ चढता येईल त्याच गियरमध्ये तो उतरायचा. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारा ड्रायव्हर अप्पांच्या लेखी माणसातच जमा नव्हता.

आणि पाणी ओढायला लागल्यापासून त्यांचा आणखी एक नियम होता. वाटेत कुणाला पाणी द्यायची वेळ आली तर मागच्या टाकीतून द्यायचं. पुढच्या टाकीला हात लावायचा नाही. "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा — ही म्हण मानसाची," ते म्हणायचे. "ट्रॉलीचं उलटं हाय. मागचा माजला की पुढच्याला ठेच." मागची भरलेली आणि पुढची हलकी असली की उतारावर मागची पुढचीला ढकलते, पुढची आडवी होते, आणि मग ब्रेक दाबून काही उपयोग नसतो. एवढं मलासुद्धा तोंडपाठ झालं होतं.

आमचे हे ट्रॅक्टर चालवायचे आणि अप्पा मागच्या ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर बसायचे, टॉमी मांडीवर घेऊन. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. म्हणून अप्पा टाकीवर टॉमीने ठोकायचे. आधी एक थाप, मग जरा थांबून दोन लागोपाठ. याचा अर्थ — थांब, उतर, बघ. जाताना टाकी रिकामी असली की ती थाप ठण्ण अशी देवळाच्या घंटेसारखी घुमायची. भरलेली असली की नुसती बद्द. पिठाच्या पोत्यावर बुक्की मारल्यासारखी. हे नीट लक्षात ठेवा.

माझी नेमणूक तलावाकडच्या गावात, उपकेंद्रावर होती. सकाळी रिकाम्या खेपेबरोबर जायचं आणि दुपारच्या भरल्या खेपेबरोबर मडगार्डवर बसून परत यायचं, असा माझा क्रम. मुलगी संगीता तेव्हा चार वर्षांची. दिवसभर सासूबाईंजवळ असायची. ट्रॅक्टरचा आवाज आला की आपली इवलीशी पितळी कळशी घेऊन पळत सुटायची. आख्ख्या गावात तिचा नंबर पहिला पाहिजे, हा तिचा हट्ट.

त्या आठवड्यात अप्पांना न्यूमोनिया झाला. त्यांना लातूरच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं, जवळ माझी नणंद विमल. मागच्या ट्रॉलीवरची त्यांची फळी रिकामी होती. टॉमी माझ्या पायाखाली, अवजारांच्या पेटीत, चिंधीत गुंडाळलेली.

हे घडलं त्याच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर बिघडल्याने खेप झालीच नव्हती. त्यामुळे वाटेतल्या एका तांड्यावरच्या बायका सरळ रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या. एकीच्या कडेवर तान्हं पोर, ओठ सुकलेले. यांनी मागच्या टाकीचा कॉक फिरवला तर तो गच्च बसलेला. जोर लावला, शिव्या घातल्या, ढिम्म हलेना. मग यांनी माझ्याकडे बघितलं, त्या पोराकडे बघितलं आणि पुढच्या टाकीचा कॉक सोडला.

मी म्हणाले, "अवं, अप्पा काय म्हनत्यात..."

"एक दिवसानं काय होत न्हाई, सिस्टरबाई," हे म्हणाले. मला चिडवायचं असलं की मी सिस्टरबाई. "हळू उतरवतो की. पोर बघ कसं करायलंय."

निघालो तेव्हा पुढची टाकी अर्ध्याच्या खाली गेली होती. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. संगीताचं सकाळी अंग गरम लागत होतं आणि तशीच सोडून आले होते. कधी एकदा घरी पोचते असं झालेलं.

आमच्या गावाचा उतार सुरू होतो तिथे नुसता माळ आहे. झाड नाही, झुडूप नाही. उभं ऊन. हे गियर बदलायला लागले आणि...

मागून थाप आली. एक. मग जरा थांबून दोन.

यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. इतक्या वर्षांची सवय. गाडी थांबली तेव्हा कुठे यांच्या ध्यानात आलं की मागे कुणीच नाही.

"ऐकलीस?"

"हाव."

"कोन हाय रं मागं?" हे ओरडले. इंजिन बंद केलं. वारासुद्धा नव्हता. खाली उतरून दोघांनी गाडीभोवती फेरी मारली, ट्रॉलीखाली वाकून बघितलं. फळी रिकामी. तिच्यावर रस्त्याची धूळ साचलेली, बोटाचासुद्धा ठसा नाही.

आणि मला काय खटकत होतं ते तेव्हा उमगलं. ती थाप ठण्ण वाजली होती. रिकाम्या टाकीवर पडावी तशी, स्वच्छ. मी पेटीतून टॉमी काढली आणि मागच्या टाकीवर घातली. बद्द. काठोकाठ भरलेली होती ती. पुढचीवर घातली. वर पोकळ, खाली जड, असा फुटका आवाज. पुन्हा घातली, पुन्हा. ती थाप त्या दोन टाक्यांपैकी एकीतूनही निघत नव्हती.

आता मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. "ऊन हाय, लोखंड तापून वाजलं आसंल," मी म्हणाले. "चला की आता! लेकरू तापलंय घरी."

हे हलले नाहीत. पुढच्या टाकीला हात लावून उभे होते. "अप्पा आसते तर हितंच कानफाडीत दिली आसती मला," म्हणाले. "आसं न्हाई उतरायचं. बादली काढ."

चाकांना दगड लावले. मागच्या टाकीचं झाकण उघडून हे बादली भरून द्यायचे, मी ती पुढच्या ट्रॉलीवर चढून ओतायची. लोखंड असं तापलेलं की पदर गुंडाळल्याशिवाय हात लावता येईना. दंड भरून आले, पोटऱ्या थरथरायला लागल्या, आणि मी एकसारखी पुटपुटत होते... तुमच्या वडलांचे नियम, तुमच्या वडलांचे नियम. पुढची भरत आली आणि मागची बरीच उतरली तेव्हा यांनी झाकण लावलं. दगड काढले. पहिल्या गियरमध्ये गाडी सोडली.

उताराच्या मध्यावर एक वळण आहे. आंधळं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला ओढ्याची दरड. एरवी तिथे चिटपाखरू नसतं, माणसं खाली पारापाशी थांबतात. पण आदल्या दिवशी पाणी आलं नव्हतं ना... आख्खं गाव वर चढून आलं होतं. वळण घेतलं आणि समोर नुसत्या घागरी, हंडे, बायका, म्हातारी, पोरं. रस्ता भरून. आणि सगळ्यांच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध, पालथ्या कळशीवर बसलेली माझी संगीता. पहिला नंबर.

यांनी ब्रेक दाबला. मागून धक्का आला, लोखंड करकरलं, पुढची ट्रॉली जराशी वाकडी झाली... आणि थांबली. भरलेली होती म्हणून थांबली. ट्रॅक्टरचं पुढचं चाक संगीतापासून एवढ्या अंतरावर होतं की तिने बसल्या बसल्या हात लांब करून त्याला लावला आणि म्हणाली, "पप्पा, माझी कळशी आधी."

हे खाली उतरले ते सरळ दरडीच्या कडेला जाऊन ओकले. मी मडगार्डवरून उतरलेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघं लातूरला गेलो. घरात कुणाला काही बोललो नव्हतो. चाकूरला गाडी चहाला थांबली तर हे खाली उतरून एस.टी.च्या टायरांना लाथ मारत एक फेरी मारून आले. कंडक्टर बघत राहिला.

अप्पांचा ताप उतरला होता. उशीला टेकून बसले होते. आम्ही आत गेलो, मी डबा खाली ठेवला, अजून "कसं वाटतंय" हेसुद्धा विचारलं नव्हतं. अप्पांनी यांच्याकडे बघितलं.

"पुढच्या टाकीतून दिलास ना रं?"

मी विचारलं, "तुमाला कोन सांगितलं, अप्पा?"

"पानी न्हाई का आनलंस, सूनबाई? घसा कोरडा पडलाय," ते म्हणाले आणि विषय संपला.

मी नर्स आहे, असं सोडते का? विमलला बाहेर व्हरांड्यात ओढून नेलं. गावाकडून कुणी आलं होतं का? नाही. कुणी निरोप, कुणी सांगावा? नाही. टेलिफोन तर आमच्या गावात नव्हताच. काल दुपारी अप्पा काय करत होते? काही बडबडले का, खाट ठोकली का?

"खाट कुठली गं वयनी," विमल म्हणाली. "झोपले व्हते. आसे झोपले व्हते की मीच घाबरले. नाकाफुडं बोट धरून बघितलं. मग येकदम कुशीवर वळले आन् म्हनले, माझा हात दुखायलाय."

उजवा हात, टॉमी धरायचा तो. तो मी तपासला. सुईची खूण डाव्या हातावर होती.

अप्पा बरे होऊन घरी आले आणि पुढे बरीच वर्षं जगले. मी त्यांना कितीदा तरी विचारलं. कधी म्हणायचे, "मी आसं कवा म्हनलं?" कधी चिडायचे, "थांबलाव न्हवं? मग कामून इचारतीस?" बुद्धाच्या फोटोखाली बसून मी यावर पुष्कळ डोकं चालवलं आहे. उदगीरच्या एका विज्ञानाच्या मास्तरांनी मला लोखंडाचं प्रसरण समजावून सांगितलं. बरोबरच असेल. पण तापलेलं लोखंड आधी एक आणि मग जरा थांबून दोन, असं वाजतं का? आणि भरलेली टाकी रिकाम्यासारखी? मास्तर म्हणाले, बाई, तुम्ही घाबरलेल्या होतात. नव्हते हो. घाबरायला मला वेळ तरी कुठे मिळाला होता!

यांनी पुढे ट्रॅक्टर चालवला तोवर प्रत्येक उताराच्या तोंडाशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ नुसते बसून राहिले. पुन्हा कधी थाप आली नाही. आता हेही नाहीत. हिवाळ्यात आमच्या घरापुढून उसाच्या जोडट्रॉल्या जातात, मोठ्याने गाणी लावलेल्या, आणि त्या सगळ्या दिसेनाशा होईपर्यंत मला आत जाऊन बसता येत नाही.

संगीताला यातलं काही माहीत नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलायच्या नाहीत, हा नियम माझाच. ती आता स्वतःची गाडी चालवते. उतार आला की मी म्हणते, गाणी बंद कर गं. ती वैतागते, "आई, दर वेळी काय ऐकायचं असतं तुला?"

मी ऐकत बसते.

तुझी लेक तुला हे वाचून दाखवीलच, संगीता. त्या कळशीवर तू बसली होतीस. ती थाप कुणी दिली ते मला अजून कळलेलं नाही. पण उतारावर गाणी बंद करत जा, बाई.