आमदारांचा प्रॉम्प्टर

आमच्या नाटक कंपनीत दादासो प्रॉम्प्टर होता. गडमुडशिंगीच्या बौद्ध वसाहतीतला, बारावी शिकलेला. विंगेतून त्यानं वाक्य सोडलं की ते ज्याचं त्यालाच ऐकू यायचं, पहिल्या रांगेलासुद्धा नाही. माझ्या निम्म्या टाळ्या त्याच्या होत्या, हे मी आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी मोकळ्या मनानं सांगतो. नट गप्प झाला की तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे दादासोला अचूक कळायचं.

कंपनी बुडाली आणि त्याला आमदार राजवीर साहेबांनी हाताशी घेतलं. पंधरा वर्षं साहेबांचे विधानसभेतले प्रश्न दादासोनं लिहिले. गगनबावड्याच्या घाटातल्या दरडी, कबनूरच्या यंत्रमागांची वीज, सगळं स्वतः हिंडून, बघून. साहेब उभे राहून वाचायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘अभ्यासू आमदार’ छापून यायचं, आणि दादासो ते कात्रण फायलीत चिकटवायचा.

स्वतःसाठी त्यानं एकच प्रश्न लिहिला. त्याच्या वसाहतीच्या स्मशानात शेड नव्हती. वडिलांची चिता पावसात दोनदा विझली होती. म्हातारी आई बायडाबाई चहा पिता पिता विचारायची, “माझ्या टायमाला तरी छप्पर हुतंय का रं? का मलाबी अर्धीच जाळतोस?”

“हुतंय की, आये. साहेब इचारणार हाईत.”

सरकारचं छापील उत्तर आलं: शेडचे बांधकाम दोन वर्षांपूर्वीच पूर्ण झाले आहे. दादासो खूश झाला. खोटं आयतंच हातात सापडलं होतं. साहेबांनी आता उठून एवढंच म्हणायचं होतं, ‘शेड कुठे आहे, दाखवा.’ त्यानं विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीचे दोन पास काढले. “नाना, माझी पहिली एंट्री हाय,” मला म्हणाला. “बघाय तर चला.”

प्रश्न पुकारला गेला. साहेब उठले. हातात कागद. आणि गप्प.

त्या शेडचा ठेकेदार साहेबांचा मेव्हणा होता, हे आम्हाला नंतर कळलं. साहेब विसरले नव्हते, थांबले होते. पण जन्मभर हा फरक ओळखणारा माणूस नेमका त्या दिवशी चुकला. गॅलरीतून त्यानं वाक्य सोडलं, खालपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात: “शेड कुठे आहे, दाखवा.”

सगळं सभागृह वर बघायला लागलं. साहेब हसले. “अध्यक्ष महोदय, उत्तरानं माझं समाधान झालं आहे,” म्हणाले आणि बसले. दादासोला दंडाला धरून बाहेर काढलं.

संध्याकाळी साहेब भेटले ते गाडीत बसता बसता. “लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतंय दादासो. नाटकात एवढंबी शिकवलं न्हाय व्हय? उद्यापासनं येऊ नको. कात्रणांची फाइल तेवढी हापिसात ठेव.” मग माझ्याकडे बघून, “न्या ह्याला गावाकडं, पावणं.”

घरी आईनं विचारलं, “काय म्हणालं सरकार?”

“बांधलीया म्हणालं.”

“मग त्या कागदाखालीच जाळ मला.”

बायडाबाई जुलैत गेली. त्रिसरण-पंचशील झालं. चितेवर पत्रा धरून आम्ही चौघं चार कोपऱ्यांना उभे होतो. पुढचा कोपरा दादासोच्या डोक्यावर. निवडणूक तोंडावर होती, म्हणून साहेब आले. छत्री दुसऱ्यानं धरलेली. श्रद्धांजलीला उभे राहिले.

“ह्या स्मशानभूमीचा प्रश्न मी विधानसभेत मांडला. आज ह्या माउली… आपल्या माउली…”

नाव आठवेना. साहेबांनी पंधरा वर्षांच्या सवयीनं दादासोकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. मीही तशीच नजर शेकडो वेळा विंगेकडे टाकली आहे. मी मनात म्हटलं, दादासो, एवढ्या वेळी गप्प राहा.

पत्र्याखाली त्याचे ओठ जेमतेम हलले. “बायडाबाई.”

“बायडाबाई आपल्यातून गेल्या,” साहेब भरल्या गळ्यानं म्हणाले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

गाडी निघून गेली. पाऊस वाढला. आम्ही पत्रा धरून उभे होतो. लाकडं अजून पेट घेत नव्हती.